लाल टॅग ज्याचा त्याने काढावा

५ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

झालं ते क्रमाने लिहिते.

१. काल तुमचं पत्र आलं. आपल्या वेल्डरने आत्महत्या केल्यापासून, म्हणजे पाच आठवड्यांतलं, पहिलंच.
२. वर्कशॉपला परत येणार नाही, माझी हत्यारांची पेटी सगळ्यांत वाटून टाक, असं तुम्ही लिहिलंत.
३. मी पेटी उघडली. आत तुमचा मायक्रोमीटरही होता. तो तुम्ही मला कधी वीस मिनिटांसाठीही दिला नव्हतात.
४. मी पेटी बंद केली.

इथे दर बुधवारी आम्ही अकरा जण पंप तपासायच्या खोलीत बसतो. एक समुपदेशक बाई येतात. पहिल्या दिवशी तासभर फक्त पंखा बोलत होता. दुसऱ्या वेळी वेल्डरची बायको आली. मला बघून आवाज खाली आणू नका, त्याचे फालतू विनोद सांगा, म्हणाली. फिटरने एक सांगितला. सगळे हसले, मग तोच रडला. त्यानंतर बोलणं सुरू झालं.

बाईंनी शिकवलं की कुणी जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकू लागलं, तर अंदाज बांधत बसू नये, सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. म्हणून विचारते. मामा, तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?

उत्तर काहीही असो, मी रागावणार नाही, उपदेशही करणार नाही. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र तुमच्या लेकीच्या, ताईच्या हातीच देते आहे. तिला सगळं सांगितलं आहे. उत्तर घेतल्याशिवाय ती उठणार नाही. माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल, उत्तर खरं द्या.

तुमची भाची

१२ मार्च

चि. मीटर हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र आहे की तपासणीचा अहवाल? तुला मीटर म्हणतो ते उगाच नाही. ताईने ते पुढ्यात ठेवलं आणि खांद्यावरची बॅगही न काढता समोर बसली. तुझा चौथा मुद्दा वाचून हसलो. पुढे हसता आलं नाही.

उत्तर, होय. येत होते. वेल्डर गेला त्या दिवशी त्याने मला चहाला बोलावलं होतं. हातातलं संपवून येतो, म्हणालो, आणि राहून गेलं. तेव्हापासून तेच ऐकू येत होतं. जो तो म्हणे, मन घट्ट करा, वाळलात किती. हे कुणी विचारलंच नव्हतं.

होय म्हटल्यावर ताई किंचाळली नाही. हात धरून बसली, मग म्हणाली, आधी जेवा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या चालू आहेत, मुक्काम तिच्याकडेच. डॉक्टर म्हणतात, एका चहावर कुणाचं मरण ठरत नसतं. मला अजून निम्मंच पटलंय. विचार साफ गेलेत असंही नाही, पण आले की ताईला सांगतो. झोप लागते. काल तिच्या घरचा गळका नळ दुरुस्त केला, तर शेजारचेही पाना मागायला आले.

मायक्रोमीटर तू ठेव. हात पुसून धर. आहेस तशी खडूस राहा.

तुझा मामा

१४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग जिन्यात जाऊन बसले. फिटरने काय झालं विचारलं. काही नाही, बरं झालंय, म्हणाले.

मायक्रोमीटर ठेवून घेणार नाही. पेटीला तुमच्या नावाचा लाल टॅग लावला आहे. मशीनवर हात घालण्याआधी, कुणी चालू करू नये म्हणून, मेन स्विचला आपला टॅग लावायचा, आणि ज्याचा त्यानेच काढायचा, हे तुम्हीच शिकवलंत. दुसऱ्याच्या नावाने टॅग लावणाऱ्याला तुम्ही दारातून परत पाठवत होतात, तेही आठवतं. चूक कबूल. रागवायला या.

वेल्डरच्या बायकोला तुमच्या चहाचं सांगितलं. तीही म्हणाली, त्यांना आणा, त्या चहाची गोष्ट मला त्यांच्याकडूनच ऐकायची आहे. तिच्या मनात तुमच्याविषयी राग नाही. मी विचारलं. सरळच.

बुधवारी, २० तारखेला, चार वाजता बसणार आहोत. काम करायचं नाही, फक्त बसायचं. ताईलाही आणा. चहा करायची पाळी माझी आहे, तेव्हा अपेक्षा ठेवू नका.

लोभ पूर्वीइतकाच असू द्या, तेवढा मला पुरतो. येणार की नाही, ते सोमवार, १८ तारखेपर्यंत कळवा.

मीटर