उजव्या बाजूची वेणी

आई, शाळेतल्या पोरांसाठी तू केलेली वाचनाची पानं मी देऊन टाकली. ज्याला हवी त्यानं घ्यावीत, छापावीत, आपल्या शाळेत वापरावीत, असा खुला परवाना सही करून दिला. तू म्हणशील, यात नवीन काय, मी जिवंतपणी वाटतच होते की. पण तू वाटायचीस तेव्हा पान कुणाच्या हातात गेलं ते तुला दिसायचं. हे म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाण्यासारखं आहे, आणि मला तशी सवय नाही. रोह्याच्या कंपनीत ऑफिसात जन्म गेला माझा. तिथे कागदाकागदावर 'गोपनीय'चा लाल शिक्का, आणि कागद गेटबाहेर गेला की माणूसही गेटबाहेर. निवृत्त होऊन जवळच वरसे गावात घर बांधलं तरी मी अजून विजेचं बिलसुद्धा कुलपात ठेवते. जावई त्यावरून हसतो. हसू दे.

पेणचं आपलं स्वयंपाकघर आठवतं मला. पोह्याच्या पापडांचं पीठ तिंबून झाकून ठेवलेलं, आणि तू जमिनीवर पाट घेऊन स्टेन्सिल कापत बसलेली. टोकदार सळीनं एकेक अक्षर कोरायचीस, मग शाईचा रूळ फिरवून पानं काढायचीस आणि पापडांच्याच खाटेवर वाळत घालायचीस. बाबा घरी आले की विचारायचे, "आज पापड वाचायचे की तळायचे?" तू हसायची नाहीस, पण तुझे कान लाल व्हायचे. प्रत्येक पानावर वर एका मुलीचं चित्र, मध्ये चार ओळींचा धडा, आणि खाली मोठी मोकळी चौकट. आजूबाजूच्या शाळांचे गुरुजी, बाई महिन्याच्या बैठकीला जमले की तू त्यांना गठ्ठा द्यायचीस आणि म्हणायचीस, "खाली मोकळं ठेवलंय, तिथं तुमचं गाव काढा." खाडीकडच्या शाळेत त्या चौकटीत मिठागर यायचं, गडब गावच्या शाळेत भाताची खाचरं. तुझ्याएवढं मोकळं कुणी नव्हतं. फक्त त्या मुलीला कुणी हात लावलेला तुला चालायचा नाही, आणि का ते घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, बाबांना आणि मला.

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. धाकटी उंबऱ्यात बसलेली, नुकतीच पहिलीत गेलेली. तू तिची डावी वेणी घातलीस, रिबीन बांधलीस, आणि रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. "राहिलेली आल्यावर घालते गो, गाडी जाईल," म्हणालीस आणि पळालीस. ती रडली नाही. उजव्या बाजूचे केस तसेच मोकळे सोडून, लाल रिबीन मुठीत धरून दिवसभर हुंदडत होती. दुपारी पेंढ्याच्या उडवीपाशी तिला पान लागलं. साप चावला असं आपल्याकडे तोंडानं म्हणत नाहीत ना, मी अजूनही म्हणत नाही. तू संध्याकाळी परत आलीस तेव्हा ती ओटीवर निजवलेली होती. तू आल्या आल्या कंगवा मागितलास. बायका म्हणाल्या, "आता नको गो बाय, आता नको," आणि त्यांनी तुला मागे ओढलं. मी तुझा कंगवा हातात घेऊन दारात उभी होते, आणि तो कुणी माझ्याकडून घेतला नाही.

त्यानंतर तुझ्या पानांवर ती आली. डावीकडे वेणी, उजवीकडे मोकळे केस. ती बाजारात जाते, ती गाईला पाणी पाजते, ती आजारी पडून बरी होते. दुसरीच्या पानांवर ती दुसरीत गेली, चौथीच्या पानांवर चौथीत. तू तिला वाढवत नेलंस, पण वेणी कधी घातली नाहीस. एकदा खांब गावचे गुरुजी म्हणाले, "बाई, पोरीची एक वेणी राहिली की." तू म्हणालीस, "असू दे. ती तशीच हाय." पुढे तूही गेलीस. पानं माझ्या कपाटात आली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली.

यंदा एक मुलगी आली. तीही शिक्षिका, गडबची. शिक्षकांनी हातानं केलेलं जुनं साहित्य गोळा करून सगळ्यांना मोफत मिळेल असं इंटरनेटवर ठेवतात, त्या कामात असते. आल्या आल्या म्हणाली, "काकी, मी ह्याच पानांवर वाचायला शिकले." मी तिला चहाऐवजी जेवायलाच वाढलं. मग तिनं सगळं समजावलं. लेखक गेला तरी हक्क वारसाकडे राहतो, म्हणून माझी सही हवी. तुझं नाव प्रत्येक पानावर राहणार. बदल करू द्यायचे की नाही, ते मी ठरवायचं. दिले तर बदल करणाऱ्यानं काय बदललं ते खाली लिहायचं. आणि एकदा परवाना दिला की परत घेता येत नाही.

मी म्हटलं, "बदल नको. एक रेघ हलता कामा नये."

तिनं एक पान उचलून खालच्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मग काकी, कातकरवाडीच्या बाईंना पोरांच्या बोलीतले शब्द घालून पान पुढं देता येणार नाय. आणि खालची चौकट भरून कुणी दुसऱ्या शाळेला दिली, तर तो पण बदलच व्हतो."

मला तुझी चौकट आठवली. तुझं पान कुलूपबंद करून मी काय जपणार होते? सही केली. ती गेल्यावर मात्र भांडी घासता घासता रडले, पोर दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखी.

काही महिन्यांनी तिनंच मला मोबाईलवर एक पान पाठवलं. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातल्या बाईंनी तुझा धडा घेतलाय. चौकटीत त्यांचं गाव आहे, ज्वारीचं रान आणि एक देऊळ. वर आपली धाकटी. दोन वेण्या, दोन्हीकडे रिबिनी. खाली तुझं नाव, आणि त्याखाली नियमाप्रमाणे बारीक अक्षरात लिहिलंय, "मूळ पानातील बदल: मुलीची उजवीकडील वेणी राहून गेली होती, ती घातली."

आई, माझं डोकंच फिरलं. लगेच गडबच्या मुलीला फोन लावला. "हे आत्ताच्या आत्ता काढायला सांग." ती बिचारी घाबरली. "काकी, बदल करायला आपणच दिलंय ना. त्यांना वाटलं चूक हाय. आपण सांगू, त्या भल्या बाई हायेत, पहिल्यासारखं करून देतील." मी म्हटलं, थांब, मी स्वतःच लिहिते त्यांना. लिहायला घेतलं. ती चूक नाही, ती माझी बहीण आहे, एवढं लिहिलं आणि पुन्हा ते चित्र उघडून पाहिलं, मग पुन्हा. वेणी नीट घातलीय गं. तुझ्यासारखीच, कानामागून घट्ट.

तो निरोप मी पुसून टाकला. गडबची मुलगी अधूनमधून विचारते, "कळवलं का काकी?" आणि मी तिला व्हय म्हणते. ही एक थाप मी मारतेय, तुझ्यापासून लपवत नाही. त्या बाईंना खरं काय ते कळलं, तर त्या माझी माफी मागतील आणि धाकटीची वेणी पुन्हा सोडतील.