थप्पड थांबवण्याचं शास्त्र

६ एप्रिल
आजपासून रोज लिहायचं. कोणाला दाखवायचं नाही.
हिशेब साधा आहे. सोळा वर्षं मुंबई, तेवीस सिरीयल, त्यातल्या अकरांमध्ये मेलो. गोळी, चाकू, ट्रक, दोनदा विष. गावाकडे अजून पोरं मला ‘मरनारा योगेंद्र’ म्हणतात. कलावंताला याहून मोठी दाद नाही.
सध्या काम नाही असं नाही, मी घेत नाही. दिग्दर्शनात उतरायचं ठरवलंय. अहिराणीत पहिली खरीखुरी अॅक्शन फिल्म, लेखक, दिग्दर्शक आणि हिरो मीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शूटिंग संपवायचं. संपलं की बायकोला, दीपमालाला आणायला जायचं.

७ एप्रिल
दीपमाला माहेरी आहे. माहेर नदीच्या पलीकडे, ओसरीतून त्यांच्या टाकीचं पत्र्याचं झाकण दिसतं. आखाजीला लेकी माहेरी असतातच, म्हणजे या महिन्यात ती रीतीनेच तिकडे आहे. दिवाळीपासूनचे मधले महिने धरायचे नाहीत.
आईचं म्हणणं, आजच जा. तिला सांगितलं, माणसाच्या एन्ट्रीला काही वजन लागतं. आई म्हणाली, “नदीमा पानी शे का? नही ना. मंग जाय.”
आईला पटकथेतलं कळत नाही. उद्या नक्की जायचं.

९ एप्रिल
गेलो नाही. लोकेशन बघायचं होतं.
पलीकडून निरोप आला. दीपमालाला नंदुरबारच्या एका शाळेत नोकरी लागली. आखाजी झाली की आमच्या लेकीला, रुपाला घेऊन तिथेच खोली करणार. मी स्वतः येऊन, तिच्या आईसमोर, दिवाळीत काय केलं ते तोंडाने सांगितलं तर थांबेल. बाकी काही मागणं नाही.
मागणं अगदीच छोटं आहे, म्हणून घाई नाही.

११ एप्रिल
तालीम, स्थळ दोधूचा केळीचा मळा. दोधू व्हिलन. दिवसभर घड वाहतो, दंड असे की एका हातात माझी मान मावेल. भाग्येश शहाद्याहून कॅमेरा घेऊन आला. लग्नं शूट करतो, त्यामुळे दर पाच मिनिटांनी ‘जरा हसा’ म्हणतो.
दोधूला शास्त्र शिकवलं. मारणारा अभिनय करतच नाही, सीन मार खाणारा ओढतो. हात गालाच्या चार बोटं आधी थांबवायचा. खाणाऱ्याने त्याच क्षणी तोंड फिरवायचं आणि पडायचं. आवाज नंतर भरतात. सगळा खेळ टायमिंगचा. फक्त खरं वाटलं पाहिजे, एवढं त्याला दोनदा बजावलं.
पहिल्याच टेकला खालचा ओठ फाटला. दुसऱ्याला दाढ हलली. तिसऱ्याला मी केळीच्या पाटात पालथा आणि तोंडात चिखल. दोधू घाबरून म्हणाला, “भाऊ, तुम्हीच सांगं ना, खरं वाटाले जोयजे.”
भाग्येशने रेकॉर्डचं बटण दाबलंच नव्हतं.

१२ एप्रिल
ओठ सुजला आहे. पेज पितोय. अशा तोंडाने सासरी जाता येत नाही, हे कोणीही मान्य करील.
पडल्या पडल्या दिवाळीचा विचार केला. एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. फराळाचं ताट समोर होतं. दीपमालाने विचारलं, मुंबईतलं काम संपलं हे घरी कधी सांगणार. मी हात उचलला. थांबवणारच होतो, चार बोटांवर, सोळा वर्षांची सवय आहे. टायमिंग चुकलं. तिने तोंड फिरवायला हवं होतं, फिरवलं नाही. कानातलं तुटून ताटात पडलं. रुपाने डोळे घट्ट मिटले. नऊ वर्षांची आहे, तिला फाइट सीनची सवय नाही.
तांत्रिक चूक. यात तोंडाने सांगण्यासारखं काय आहे?

१५ एप्रिल
शूटिंगचा पहिला दिवस. हिरो वीस गुंडांना लोळवतो, असा सीन. गुंड चार आले. त्यातला एक ऊसतोडीचा कोयता घेऊन, प्रॉप म्हणून. त्याला म्हटलं, बाबा, हा ठेव. तो म्हणाला धार नाही, आणि दाखवायला माझ्या शर्टाची बाही उतरवली. दंडाला तीन टाके. म्हसावदच्या डॉक्टरांनी विचारलं, भांडण कोणाशी? म्हटलं, कला.
दोधू म्हणतो, त्याची बायको आता त्याला पाठवणार नाही. ती म्हणे माझ्या काळजीत आहे.
गर्दीशिवाय फिल्म होत नाही. गर्दी आणायची कुठून?

१६ एप्रिल, दुपार
सुचलं! आखाजीची बार!
दोन्ही गावच्या बाया दरवर्षी कोरड्या नदीत समोरासमोर उभ्या राहतात. डफ वाजतो, गाण्यांतून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरतात, शिव्या देतात, खडे भिरकावतात. वर्षभराचं तोंड त्या दिवशी मोकळं होतं आणि संध्याकाळी हसत घरी. दोनशे बाया, खरी मारामारी, फुकट. मध्ये हिरो उतरतो, हात वर करतो, बंधुभावावर भाषण देतो, दगड थांबतात. आणि पलीकडच्या बायांमध्ये दीपमाला असणारच. माझं काम ती समोरून बघेल. मग तोंडाने काही सांगायची वेळच येणार नाही.
एका टेकमध्ये करिअर आणि संसार.

१८ एप्रिल
आईला सांगितलं. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. म्हणाली, बारमध्ये पुरुष उतरत नाहीत, ते काठावर उभे राहतात, तिचा आजासुद्धा कधी उतरला नव्हता. म्हटलं, म्हणून तर कोणी पाहिलेलं नाही. ती म्हणाली, त्यापेक्षा सरळ तिच्या घरी जा, तिथे एकच बाई मारेल.
भाषण पाठ आहे. पांढरा कुर्ता इस्त्री केला.

१९ एप्रिल, आखाजी, सकाळी ८
पुरणपोळी खाल्ली. आवाज छान लागलाय. भाग्येश काठावरच्या बाभळीखाली कॅमेरा लावणार. या खेपेला बटण मी स्वतः तपासलं.

तीच तारीख, संध्याकाळी ६
डाव्या हाताने लिहितोय.
उतरलो. हात वर केले. “माता भगिनींनो” एवढं झालं. डफ थांबला. मग आमच्या गावची एक म्हातारी पलीकडच्यांना ओरडून म्हणाली, आधी याला काढू, आपलं नंतर बघू. आजवर एकमेकींना शिव्या देणारी दोन गावं पहिल्यांदा एका बाजूला झाली. पहिला दगड गुडघ्यावर. मग चपला, खराटा, गौराईचे गहू पेरलेल्या टोपलीतली माती. उजव्या हाताचं बोट मोडलं. मी ‘कट’ म्हणालो. कोणी ऐकलं नाही.
मी खाली बसलो तेव्हा बायका बाजूला झाल्या. दीपमाला पुढे आली. मी उठून उभा राहिलो. तिने हात उचलला.
मी तोंड फिरवलं आणि धाडकन पडलो. पडणं उत्तम होतं, इतकं स्वच्छ कधी पडलो नव्हतो.
लागलं मात्र काहीच नाही. वर बघितलं तर तिचा हात तसाच हवेत. रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती.
“देखा, हात आठे थांबस,” ती म्हणाली. “मी कधी सिरीयलमा काम करेल नही, तरी थांबना.”
कोणीतरी हसलं. मग दोन्ही काठ हसले. रुपा काठावर आजीजवळ उभी होती. तिचे डोळे उघडे होते.

२० एप्रिल
भाग्येशने क्लिप टाकली. मला न विचारता. चाळीस हजार लोकांनी पाहिली. खाली लिहिलंय, ‘मरनारा योगेंद्र, बारावी वेळ’.
मी चौदा वेळा पाहिली, शेवटी एकेक फ्रेम थांबवून. हात आणि गालाच्या मधून पलीकडचं आकाश दिसतं. चार बोटं.
थांबवता येतो. कोणालाही येतो. शिकावं लागत नाही.
दिवाळीत टायमिंग चुकलं नव्हतं.
आई म्हणाली, त्या दोघी उद्या दहाच्या एसटीने नंदुरबारला जाणार. उद्या सकाळी जायचं. ‘मी तुला मारलं’ एवढंच म्हणायचं. तीनच शब्द आहेत.

२१ एप्रिल, दुपारी १
सात वाजता तयार झालो. निघण्याआधी आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं. ‘मारलं’वर जोर दिला तर पोकळ वाटत होतं. ‘मी’वर दिला तर फुशारकी. मान खाली घालून पाहिलं, वर करून पाहिलं. एकदा डोळ्यांत पाणीही आलं, पण परवाच्या चपलेने ओठ पुन्हा सुजल्यामुळे इफेक्ट जात होता. घड्याळ बघितलं तेव्हा सव्वाअकरा.
तरी गेलो. दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनाच म्हणून टाकलं, “मी तिला मारलं.” एकाच टेकमध्ये, आणि वाईट आलं, मध्येच आवाज गेला.
त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाल्या, “माले काय सांगतस? मार तिनी खादा.”
पाणी प्यालो. निघालो. येताना घड्याळ लावून पाहिलं. नदी ओलांडायला चार मिनिटं लागतात.