द्राक्षं नव्हे, बोंडं

बाबा, ‘आमच्या पोट्ट्याची नजर हाय, शेठजी,’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी तुमच्या मागेच उभी होते. हाताला पॉलिशच्या स्पिरिटचा वास होता. तुम्ही वळूनही पाहिलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या वाक्याचा राग शिळा होत नाही.

हिंगणघाटच्या त्या कापसाच्या जिनवाल्या शेठजींची दोन्ही मुलं वेगळी राहणार होती आणि त्यांच्या आजोबांचं टेबल होतं एकच. तुम्हाला हुबेहूब दुसरं करायचं होतं. ते टेबल आजोबांनी कुण्या गोऱ्या साहेबाकडून घेतलं, असं त्यांच्या घरी सांगत. तुम्ही पीळ दिलेले पाय पाहिलेत, कडेची वेल पाहिलीत आणि कलकत्त्याच्या जुन्या कॅटलॉगातल्या चित्रावर बोट ठेवलंत. ‘राणीच्या राज्यातलं काम हाय. विलायती. हे द्राक्षाचे घोस.’ काळ्या पॉलिशनं वेल बुजली होती, म्हणून कागदावर तुम्ही कॅटलॉगातली द्राक्षं उतरवून घेतलीत. पोरीनं घासकाम करावं, पॉलिशचा बोळा फिरवावा, पण पटाशीला हात लावू नये, हा आपल्या दुकानाचा नियम. त्यामुळे टेबल साफ करायला माझ्याकडे आलं.

मी टिनाच्या छपराखाली बसून बोळ्यानं काळं काढते आहे. एका कोपऱ्यातला घोस मोकळा होतो आणि माझं बोट थांबतं. द्राक्ष असं चार फाकांत उकलत नाही. हे बोंड आहे, खाली झालरीसारखी पानं, आणि वेलीचं पान म्हणजे चक्क कपाशीचं पान. मग मी टेबलाखाली शिरले. खालून लाकूड तासायच्या वाकसाचे घाव तसेच होते, तुमच्या कामात राहतात तसे. ‘बाबा, हे विलायती नाई. साहेबाचं चित्र पाहून इकडच्याच कोणी केलं. त्यानं द्राक्षं पाह्यलीच नसन, मंग बोंडं कोरली.’ तुम्ही वाकून बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, ‘हो वं.’ तेवढंच. पण मला वाटलं, आता विचारावं. दहावी झाली की मला तुमच्या शेजारी कामावर बसवा, एवढंच विचारायचं होतं.

त्याआधी शेठजी आले. बोंडं पाहून ते हरखलेच. ‘अरे, ये तो अपना कपास है. कोणी ओळखलं हे?’ आणि तुम्ही ते बोललात. भाऊ त्या आठवड्यात वडनेरला मित्राच्या लग्नात नाचत होता.

दुपारी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी विचारलं, काऊन असं सांगितलं. ‘पोट्टीनं ओळखलं म्हटलं तं गिऱ्हाईक हासन. अन् तुले का दुकानात बसाचं हाय? उद्या दुसऱ्याच्या घरी जाशीन.’ माय भाकर थापता थापता म्हणाली, ‘बसवून त पाहा. तुमच्या पोट्ट्याले रंध्याची धार समजत नाई.’ तुम्ही भाकर अर्धी टाकून उठलात. माझं विचारणं तिथेच संपलं.

तुम्ही केलेल्या त्या बोंडांच्या दुसऱ्या टेबलानं दुकानाचं नाव झालं. हत्यारं भावाकडे गेली. आजही तो गिऱ्हाइकांना आपण बोंडं कशी ओळखली ते सांगतो, आणि बाबा, तो खोटं बोलत नाही. त्याला आता तसंच आठवतं. हे तुम्ही केलंत. माझ्या लग्नात तुम्ही त्या टेबलाच्या उरलेल्या सागाचा पोळपाट दिलात, कडेला एक बोंड कोरून. सगळ्या बाया तुमची माया वाखाणत होत्या. मला तो चुलीत घालावासा वाटला. म्हणजे तुम्हाला आठवत होतं. ते बोंड माझं आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि ते तुम्ही मला पोळ्या लाटायला दिलंत.

घातला नाही मी तो चुलीत. तो जराही डगमगत नाही, पोळी त्यावर आपसूक फिरते. रोज फिरते, आणि रोज मी चिडते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, एवढं कळतं मला. पण शेठजीही आता तिकडेच आहेत. भेटले तर त्यांना सांगा, पोट्टीनं ओळखलं होतं. हवं तर माझं नाव नका घेऊ. तुम्ही ‘जाऊ दे वं, झालं ते’ म्हणून तोंड फिरवाल, माहीत आहे. तरी सांगा.