एकोणीस मतं, सव्वीस शपथा

१२ जून, सायंकाळी सव्वासात. डेअरीचे कॅन धुऊन आलो आणि लगेच लिहायला बसलो.

दूध सोसायटीच्या निवडणुकीत आमच्या गल्लीच्या पेटीतून चेअरमन आप्पांना एकोणीसच मतं पडली. गल्ली फिरली म्हणजे मीही फिरलो, असा त्यांचा हिशेब. माझं मत त्या एकोणिसांतलंच आहे, पण दाखवू कसं?

मघाशी सगळ्यांसमोर म्हणाले, "काय रं, पगार माझा आन् शिक्का दुसऱ्याला?"

"न्हाय आप्पा, तुमालाच दिलंय."

"मग उद्या देवळात भंडारा उचलून सांग. न्हायतर डेअरीची किल्ली ठेव."

हातात भंडारा, देवाची हळद, घेऊन शपथेवर खरं सांगायला मला भीती नाही. पण आप्पांनाच मत दिलं म्हणून गल्लीतल्या सव्वीस जणांनी तो आधीच उचलला आहे. तीनदा मोजलं. मतं एकोणीस. माझं सोडून अठरा, म्हणजे त्यांतले निदान आठ जण खोटे. कोण? आकड्यावरून नाव निघत नाही, तरी संध्याकाळपासून मीही प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतोय. मग आप्पांत आणि माझ्यात फरक काय?

थोरल्या अण्णाला सांगितलं, तर हसला. "उचल की रं. आप्पा कुठं मोजत्यात? कोण वाकतंय त्येवढंच बघत्यात."

अण्णानं परवाच उचललाय. मत कुणाला दिलंस, हे त्याला विचारायचं धाडस झालं नाही.