तूच सांगितलंस ना, माय?

माय, एक गोष्ट विचारायची आहे. तू असतीस तर तोंडावर विचारली असती, आणि तू तोंडाला पदर लावून हसली असतीस.

गेल्या महिन्यात गोळ्या आणायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, रक्त चांगलंय, एचआयव्ही दबलेला आहे. आता एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घ्या." सगळं चांगलं आहे तर हृदयात काय बघायचंय? त्या म्हणाल्या, विषाणू दबला तरी शरीर आतून धुमसत राहतं, अशांचं हृदय लवकर थकतं, त्रास व्हायच्या आधी बघितलेलं बरं. मला पटलं नाही. इतकी वर्षं कुणी बघितलं नाही, मग आत्ताच का? नक्की काहीतरी सापडलंय. नाहीतर "घरचं माणूस सोबत आणा" असं कशाला म्हणाल्या असत्या?

घरचं माणूस म्हणजे पोरगा. तो आता बजाजनगरात राहतो, कंपनीत आहे. त्याला मी कायम बीपीच्या गोळ्या म्हणून सांगत आलो. खरं फक्त तुला ठाऊक होतं. दुष्काळात आपल्या करमाडला टँकरची वाट बघायचो, घशाला कोरड, आणि तू पेलाभर पाण्यात माझी गोळ्यांची बाटली बुडवून लेबल नखानं खरवडत बसायचीस. पाणी वाया चाललं म्हणून मी ओरडायचो. तू म्हणायचीस, "टँकर परत येतो रे. शेजारीण एकदा बोलाया लागली की थांबती व्हय?"

हृदयाची तपासणी एवढंच सांगून पोराला सोबत नेलं. तपासणीच्या खोलीत अंधार होता. तिथल्या बाईनं हातमोजे घातले. माझ्या आधीच्या माणसाला मी बाहेर विचारून ठेवलं होतं, "तुमाला मोजे घालून तपासलं का?" तो म्हणाला, "नाय बघितलं बा, मी मशीनच्या टीव्हीकडंच बघत व्हतो." म्हणजे ते काही कळलं नाही. मला डाव्या कुशीवर निजवलं, छातीवर गार जेली लावून मशीन दाबलं. आवाजानं आतलं दिसतं म्हणे. तू बाजारात माठ वाजवून घ्यायचीस, तसंच असेल. टीव्हीवर माझं हृदय उघडझाप करतंय, आणि मी दारात उभ्या पोराकडं बघतोय.

बाईनं विचारलं, "बाबा, एचआयव्हीच्या गोळ्या कधीपासून चालू आहेत?"

दारातून पोरगा म्हणाला, "माझी आजी होती तवापासून, मॅडम. कधी चुकवत नाईत."

कसल्या गोळ्या, असं त्यानं विचारलंच नाही.

बाई म्हणाली, "हृदय आवळतंय चांगलं, ढिलं पडायला जरा वेळ लावतंय. आत्ता घाबरायचं कारण नाही, डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवत जा." पोरानं कागदानं माझी छाती पुसली. येताना शेंद्र्याला, जिथं तुझ्या वेळी नुसत्या बाभळी होत्या आणि आता कारखानेच कारखाने आहेत, तिथं गाडी हळू करून म्हणाला, "आबा, लई गप? मशीननं जीभ बी काढून घेतली काय?"

तूच सांगितलंस ना? शेवटच्या दिवसांत त्याला उशाशी बसवून घ्यायचीस तेव्हा? की तू लेबल खरवडताना त्यानंच बघितलं? म्हणजे इतकी वर्षं तो माझ्या ताटातली भाकर उचलून खातोय, ते सगळं ठाऊक असून?

हा कागद कुठं पाठवायचा नाही, बाटलीखाली ठेवतोय. नवी बाटली आज पाण्यात बुडवली नाही. फळीवर सगळ्यांसमोर ठेवलीय. लेबल तेवढं भिंतीकडं केलंय.