सोमवारचा खाऊ

ताकामात्सु, जपान
६ ऑक्टोबर २०२४

ती. लीलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा म्हणाले की आत्या व्हिडिओ कॉल घेत नाही, तिच्याशी खरं बोलायचं असेल तर कागदावर बोल. म्हणून हे पत्र. वरची अक्षरं बाबांनी सांगितली, बाकी सगळं माझं. अमेरिकेत, एडिसनच्या मराठी शाळेत मी नऊ वर्षं दर रविवारी गेले, तेव्हा चुका माझ्या आहेत, शाळेच्या नाहीत.

ऑगस्टपासून मी इथल्या मिडल स्कूलमध्ये इंग्लिश शिकवते. म्हणजे शिकवतात खरे शिक्षक. मी बाजूला उभी राहून वाक्यं मोठ्यानं वाचते. काँट्रॅक्ट जुलैपर्यंत आहे. पुढचं वर्ष राहायचं की नाही हे जानेवारी संपायच्या आत फॉर्मवर लिहून द्यायचं. बाबांनी एडिसनमध्ये सगळ्यांना सांगून टाकलंय की मी राहणार!

वीकेंड मात्र मस्त असतात. काल फेरीनं ऑलिव्हच्या बेटावर गेले. हिरवं आईस्क्रीम खाल्लं, त्याला गवताचा वास होता. शेवटची बोट सुटताना मी धक्क्यावर धावत होते. त्याच्या आधीच्या शनिवारी सातशे पंच्याऐंशी पायऱ्या चढून एका देवळात गेले. पाय अजून दुखतात.

तुझी तब्येत कशी आहे? उत्तर लिहिशील ना?

तुझी,
पूर्वी


कॉव्हेंट्री
१९ ऑक्टोबर २०२४

चि. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र अकरा दिवसांत पोचलं. आमच्याकडे गावातल्या गावात याहून जास्त लागतात. तुझं अक्षर शशीपेक्षा बरं आहे, पण त्यावर खूश होऊ नकोस. तुझ्या बाबाचं अक्षर वाचायला त्याच्या मास्तरांनाही चष्मा बदलावा लागला होता. चुका मोजल्या आहेत. आकडा सांगत नाही.

माझं ठीक चाललं आहे. मंगळवारी लायब्ररी, गुरुवारी कचऱ्याची बिनं बाहेर ठेवायची, शनिवारी बाग. उल्हासकाकांना जाऊन येत्या महिन्यात तीन वर्षं होतील. घर मोठं आहे, पण आवरलेलं असतं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं काढली की हात स्वस्थ बसत नाहीत.

समुद्रावर जाताना डोक्याला काहीतरी बांधत जा. आणि पुढच्या पत्रात बोटीत तुझ्या शेजारी कोण बसलं होतं ते लिही. गवताच्या आईस्क्रीमपेक्षा मला ते जाणून घ्यायचं आहे.

माया आहे म्हणूनच टोचते, हे समजून घे.

लीलाआत्या


ताकामात्सु
१० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न.

गेल्या महिन्याभरात तीन सहली! एका डोंगरावर वेलींचा पूल होता. फळ्यांमधून खाली नदी दिसत होती, मी डोळे मिटून पार केला. एका बेटावर माकडं होती, त्यांनी माझी संत्री पळवली. काल केबल कारनं ढगांच्या वर गेले. फोटो पाठवतेय.

इथे एक छान पद्धत आहे. कुठेही फिरून आलं की तिथल्या गोडाचा बॉक्स घेऊन यायचा आणि सोमवारी कामावर सगळ्यांना एकेक वडी द्यायची. प्रत्येक वडी वेगळ्या कागदात असते. आमच्या स्टाफरूममध्ये एकतीस जण आहेत, म्हणून मी बत्तीसचा बॉक्स शोधते. माझ्या शेजारच्या टेबलावर मोरिता बाई बसतात, त्या सायन्स शिकवतात. त्या म्हणाल्या की पूर्वी-सेन्सेई, म्हणजे पूर्वी बाई, आमच्यापेक्षा जास्त जपान बघते. सगळे हसले.

बाबांना मी वेगळी पत्रं लिहिते, ती ते फोटो काढून ग्रुपवर टाकतात. काकू लोक विचारतात की पुढचा भाग कधी.

मजेत असलेली,
पूर्वी


कॉव्हेंट्री
२३ नोव्हेंबर २०२४

चि. पूर्वीस,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. बोटीत शेजारी कोण होतं, याचं उत्तर आलेलं नाही.

लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटवर काय उगवलं हे बघायला कुणीही शिकतं. काय उगवायला हवं होतं आणि उगवलं नाही, हे बघायला मला दहा वर्षं लागली. तुझ्या पाच सहलींत बोट आहे, पूल आहे, माकडं आहेत. माणूस एकही नाही. फोटोंत डोंगर आहेत, तू नाहीस, कारण कॅमेरा धरायला दुसरं कुणी नव्हतं. सरळ विचारते. तू एकटीच फिरतेस का? आणि हे फिरणं तुला आवडतं का?

रागावलेले नाही. मला हे ओळखता येतं, कारण मी हे केलेलं आहे. १९७६ साली लग्न करून इथे आले. उल्हास मोटारीच्या कारखान्यात, शनिवार-रविवार जादा पाळी. मी फोल्सहिलला एका खोलीत, खाली लोकरीचं दुकान. दर रविवारी अण्णांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, सांगलीला पत्र लिहायची. आज केनिलवर्थचा किल्ला पाहिला, आज स्ट्रॅटफर्डला नदीकाठी डबा खाल्ला. सगळं लायब्ररीतल्या माहितीपत्रकांवरून. अण्णा ती पत्रं आल्यागेल्याला वाचून दाखवत. दीड वर्षानं आई आजारी पडली. अण्णांनी मला अडीच महिने कळवलं नाही. पोर सुखात आहे, तिचे रविवार कशाला नासवायचे, असं त्यांनी ठरवलं. मला तार मिळाली तेव्हा आई गेलेली होती.

शशी तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

खरं लिही. छोटं असलं तरी चालेल.

लीलाआत्या


ताकामात्सु
८ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न.

हो. एकटी.

पहिल्यांदा मी ऑलिव्हच्या बिस्किटांचा बॉक्स नेला तेव्हा सगळे माझ्या टेबलाशी आले. बोट हलली का, ऊन होतं का, कुणाबरोबर गेलीस. दहा मिनिटं. ऑगस्टपासून माझ्याशी कुणी सलग दहा मिनिटं बोललं नव्हतं. एरवी सगळे गुड मॉर्निंग म्हणतात, वाकतात आणि कामाला लागतात. वाईट कुणीच नाही. म्हणून पुढच्या शनिवारी परत गेले. मग दर शनिवारी. आता मी स्टेशनवर उतरते, बॉक्स घेते, एक फोटो काढते आणि पुढच्या ट्रेननं परत येते. काल एका गावात मी बावीस मिनिटं होते. त्या गावात काय आहे ते रात्री फोनवर वाचलं, म्हणजे सोमवारी सांगता येईल.

शुक्रवारी चार वाजल्यापासून सोमवारी आठ वाजेपर्यंत मी कधीकधी फक्त दुकानात पिशवी नको एवढंच बोलते.

मला फॉर्मवर ‘नाही’ असं लिहायचंय. पण बाबांना काय सांगू? त्यांच्यासाठी मी वेलींच्या पुलावरची मुलगी आहे.

आणि आत्या, मी पण तुझी पत्रं परत वाचली. लायब्ररी आहे, बाग आहे, बिनं आहेत. माणूस कुठे आहे? तुझ्या प्लेटवर पण काही उगवलेलं नाही.

सॉरी. पण पाठवतेय.

पूर्वी


कॉव्हेंट्री
२१ डिसेंबर २०२४

चि. पूर्वीस,
आशीर्वाद.

शेवटच्या परिच्छेदाबद्दल सॉरी म्हणायची गरज नव्हती. निरीक्षण बरोबर आहे. मला आवडलं नाही, ही वेगळी गोष्ट.

इथल्या मराठी मंडळाचा राजीव दर गणपतीला, दर दिवाळीला फोन करायचा. गाडी पाठवतो म्हणायचा. मी दर वेळी कामात आहे म्हणून सांगायचे. काम म्हणजे कपाटं पुसणं. उल्हास गेल्यावर मी कुणाला दया दाखवू द्यायची नाही असं ठरवलं होतं. या वर्षी त्याचा फोन आला नाही, आणि मी त्याला उद्धट समजले. तुझं पत्र वाचून कळलं की तो सभ्य माणूस आहे. कामात असलेल्या बाईला त्यानं त्रास दिला नाही.

आता तुझं. दर सोमवारी एकतीस वड्या वाटणाऱ्या मुलीला शनिवारी जेवायला कोण बोलावील? त्या लोकांना वाटत असणार की हिचे सुट्टीचे दिवस भरलेले आहेत, आपण मध्ये कशाला यायचं. तू दर आठवड्याला खाऊ नेऊन त्यांना येऊ नका म्हणून सांगते आहेस.

नव्या वर्षाची सुट्टी संपली की रिकाम्या हातानं जा. विचारलं तर सांग की घरीच होते, एकटीच होते. जपानीत हे कसं म्हणायचं ते पाठ कर आणि म्हणताना हसू नकोस. लगेच काही होणार नाही. तरी पुढच्या सोमवारीही तेच सांग. त्यानंतर फॉर्म भर, आणि शशीला फोन तू स्वतः कर.

मी संक्रांतीला मंडळात जाईन. तू एकटीनं हे करावंस असं मला वाटत नाही.

लीलाआत्या


ताकामात्सु
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

पहिला सोमवार: मोरिता बाईंनी विचारलं, कुठे गेला होतात. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि वह्या तपासायला लागल्या. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले आणि तुझ्यावर खूप रागावले.

दुसरा सोमवार: कुणी विचारलंच नाही. ते जास्त वाईट होतं.

त्या गुरुवारी मोरिता बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, रविवारी माझ्या आईकडे मिसो करतो, दर हिवाळ्यात करतो, आम्हाला हात कमी पडतात. मग म्हणाल्या की ऑक्टोबरपासून विचारायचं होतं, पण तुम्ही दर आठवड्याला प्रवासात, तुमचा दिवस मोडायला नको असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. आत्या, सगळ्यांनी!

गेले. मिसो म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण. दहा किलो सोयाबीन शिजवून हातानं कुटायचे, त्यात मीठ आणि बुरशी धरलेला तांदूळ मिसळायचा, गोळे करून बरणीत आपटायचे, आत हवा राहायला नको. त्यांची आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिनं माझे गोळे बघितले, सगळे मोडले आणि परत करायला लावले. मला ती फार आवडली. फोटो एकही काढला नाही, हात बरबटलेले होते.

मिसो पुढच्या हिवाळ्यात तयार होईल. मी शुक्रवारी फॉर्मवर ‘नाही’ असं लिहून दिलं.

खूप विचार केला. एका रविवारवर वर्षभराची सही होत नाही. माझी मुलांपुढे वाक्यं वाचण्याची नोकरी मला आवडत नाही, हे मला इतके दिवस कळलंच नव्हतं, कारण मी सगळा वेळ शनिवारचाच विचार करत होते. मोरिता बाईंना सांगितलं. त्यांनी वाईट वाटलं असं म्हटलं आणि मार्चमध्ये त्यांच्या आईकडे काय काय करायचं त्याची यादी दिली.

मग बाबांना फोन केला. बावीस मिनिटांच्या गावाचं पण सांगितलं. त्यांनी विचारलं की हे तुला कुणी ओळखून दाखवलं, आणि मग मला तुझं पण सांगावं लागलं. सांगू नको म्हणाली होतीस. पण आत्या, बाबांना वाटत होतं की आजी आजारी पडली तेव्हा अण्णांनी तुला लगेच कळवलं होतं, आणि तू आली नाहीस. तुझी सहलींची पत्रं त्या दिवसांतही येत होती. ती त्यांनीच आजीला वाचून दाखवली होती.



पूर्वी


कॉव्हेंट्री
१५ फेब्रुवारी २०२५

चि. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस म्हटलेलं सांगितलंस. शशीचा फोन तुझ्या पत्राच्या आधी आला, त्यामुळे रागावायला मला चार दिवस मिळाले. ते वापरले.

फोनवर तो म्हणाला की आई ती पत्रं उशाशी ठेवायची, आणि केनिलवर्थचं पत्र तिनं त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मला वाटत होतं की ती पत्रं अण्णांच्या मिरवण्यापुरती होती. ती ऐकून तिला बरं वाटत होतं का, असं मी विचारलं. तो हो म्हणाला. मग म्हणाला की तो मात्र सत्तेचाळीस वर्षं माझ्यावर चिडून होता आणि आता त्या चिडण्याचं काय करायचं ते त्याला समजत नाही. मी म्हटलं, मलाही समजत नाही. तो एप्रिलमध्ये इथे यायचं म्हणतो आहे. येऊ दे. पाठीमागची खोली उघडली, तिथे तीन वर्षांची हवा कोंडली होती.

संक्रांतीला मंडळात गेले. सगळी पुण्या-नागपूरची तरुण मुलं, बोलणं घराच्या हप्त्यांचं आणि कुठल्या भागाला कोणती शाळा मिळते त्याचं. राजीवनं मला मधोमध खुर्ची दिली, येणाऱ्या प्रत्येकानं पाया पडून तिळगूळ दिला, आणि पुढे गेला. आदर फार थंड असतो. दीड तास बसले. निघताना देवयानी नावाची एक मुलगी म्हणाली की तिचा नवरा शनिवारी कामाला जातो, तुमच्या बागेत मदत लागते का. मदत लागत नव्हती. हो म्हटलं. ती दोन शनिवार आली आहे. गुलाब फार वर छाटते.

तुझ्या निर्णयाबद्दल. योग्य आहे, आणि कारण त्याहून योग्य आहे. पण मी तुला खरं लिही म्हणून सांगत होते, तेव्हा मीही लिहायला हवं. तू फॉर्मवर हो लिहावंस अशी माझी इच्छा होती. रिकाम्या हातानं जा म्हटलं, त्यात तुझं भलं होतं, पण तू राहिलीस तर आणखी एक वर्ष तुझी पत्रं येतील, हेही होतं. अमेरिकेत गेल्यावर तू सगळ्यांच्यात असशील, फोन हातात असेल, आणि कागद कोण शोधत बसतो? तुझं ‘नाही’ वाचल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते हे. दुसऱ्यांदा अभिमान वाटला. क्रम तसाच होता, तो बदलून सांगत नाही.

जुलैपर्यंत अजून पाच-सहा पत्रं होतील असा हिशेब केला आहे. पुढचं मला आत्ता विचारायचं नाही, आणि तूही घाईनं वचन देऊ नकोस.

मार्चमध्ये त्या म्हातारीकडे काय केलंत ते लिही.

तुझी वाट पाहणारी,
लीलाआत्या