आईचे दोन पेले

मंगळवार, संध्याकाळ. सांगली.

आज कॉलेजात माझा निरोपसमारंभ झाला. विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवण्यात सगळी नोकरी गेली. एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, या विषयाकडे कशा वळलात?" मी पुस्तकांबद्दल बरंच बोलले. उत्तर खोटं नव्हतं, पण मलाच पुरेसं वाटेना.

घरी येऊन चहा ठेवला, तेवढ्यात पाटणहून आईचा फोन. "धक्का जाणवला का गं? माझं पेलं वाजलं."

कोयनेच्या धक्क्यांसाठी आई मांडणीवर स्टीलचे दोन पेले काठाला काठ लावून ठेवते. जमीन हलली की ते किणकिणतात. पण तेवढ्यावर तिचं कधी भागलं नाही. लगेच शेजारच्या शेवंतामावशीला विचारायची, तुझं वाजलं का? दोन्ही घरांत वाजले तरच तो धक्का. आता मावशी मुलाकडे पुण्याला राहायला गेली, म्हणून मला फोन.

"इथे काही नाही," मी म्हटलं. "पण लहान धक्का सांगलीपर्यंत येतच नाही, आई."

"मग व्हय बी म्हणायचं न्हाई, आन न्हाई बी म्हणायचं न्हाई. मांजर बी असंल."

जन्मभर वर्गात दुसरं काय सांगत होते मी? आणि नेमकं हेच त्या पोरीला सांगायचं राहिलं. उद्या तिला गाठते.

फोन ठेवल्यावर माझ्या रॅकवरचे दोन पेले काठाला काठ लावून ठेवले. बहुतेक वाजणार नाहीतच. पण आईला विचारायला दुसरं घर हवं.